बर्लिनचं रौप्य अस्वल आणि आटपाडीचा माळ

महोत्सव संपला की निकालाचा एक कागद मागे उरतो. चित्रपट, दिग्दर्शक, देश, पुरस्कार. बर्लिनच्या १९५८ च्या कागदावर एक ओळ आपली आहे: ‘दो आँखें बारह हाथ’, व्ही. शांताराम, भारत, रौप्य अस्वल. ही गोष्ट ज्या मातीतून निघाली त्या आटपाडीचं नाव तिथे असायचं कारण नाही. पण सांगलीतही ते फारसं कुणाच्या तोंडी नसतं. आम्ही नाट्यपंढरीवाले १८४३ च्या ‘सीतास्वयंवर’ नाटकापाशीच रेंगाळतो.

आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. संस्थान चिमुकलं, तेही तुकड्यातुकड्यांत विखुरलेलं. राजधानी औंध आज सातारा जिल्ह्यात, तर आटपाडी सांगलीत. राजे भवानराव पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार आणि सूर्यनमस्काराचे कट्टर प्रचारक. १९३९ मध्ये त्यांनी गांधीजींच्या सल्ल्याने गावांच्या हाती कारभार देणारी राज्यघटना आणली. त्याच वर्षी आटपाडीजवळ ‘स्वतंत्रपूर’ वसलं. गंभीर गुन्ह्यांतले कैदी, पण भिंत नाही, बेडी नाही. माणदेशी माळावर शेती करायची, बायकापोरांना सोबत आणायचं.

ही कल्पना मॉरिस फ्रीडमन यांची. वॉर्साच्या ज्यू कुटुंबातला हा इंजिनिअर म्हैसूर संस्थानात नोकरीला आला आणि संन्यास घेऊन भारतानंद झाला. (निसर्गदत्त महाराजांची निरूपणं पुढे इंग्रजीत नेणारे ते हेच.) स्वतंत्रपुराच्या पाठीशी राजे होते, पण डोकं यांचं.

चित्रपटाची कथा लिहिली ग. दि. माडगूळकरांनी. जन्म शेटफळ्याचा, म्हणजे याच तालुक्यातला, आणि शाळा औंधची. विषय त्यांच्या अंगणातलाच होता. वसाहतीचं त्यांनी एक जेलर आणि सहा खुनी असं नाटक केलं. शेवटी बैलाशी झुंजताना जेलर मरतो, हे अर्थातच पडद्यावरचं. त्या झुंजीच्या चित्रीकरणात जेलर झालेल्या शांतारामांच्या डोळ्याला मात्र खरीखुरी इजा झाली. स्वतंत्रपुरात असं काही घडलं नाही. ती खुली वसाहत आजही राज्याच्या तुरुंग विभागाकडे आहे.

बर्लिन महोत्सव १९५१ चा, शीतयुद्धात अडकलेल्या पश्चिम बर्लिनमधला. १९५२ पासून काही वर्षं तिथे निकाल प्रेक्षकांच्या मतांवर लागायचा. आंतरराष्ट्रीय ज्युरी आली १९५६ मध्ये. त्या काळी स्पर्धेत चित्रपट उतरायचे ते बहुतेक देशाच्या नावाने, दिग्दर्शकाचा मान नंतरचा. १९५८ च्या ज्युरीचे अध्यक्ष होते फ्रँक काप्रा, आणि सुवर्ण अस्वल, म्हणजे पहिला पुरस्कार, गेलं इंगमार बर्गमन यांच्या ‘वाइल्ड स्ट्रॉबेरीज’ला. समोर बर्गमन असताना दुसऱ्या रांगेत बसायला लागलं, यात कमीपणा कसला? शांतारामांचं रौप्य अस्वल कुठल्या ठरावीक गटातलं नव्हतं, ज्युरीने खास म्हणून दिलेलं होतं. आंतरराष्ट्रीय कॅथलिक चित्रपट संघटनेचं पारितोषिकही त्यालाच मिळालं. मला हे दुसरं जास्त बोलकं वाटतं. गुन्हेगाराला माफ करून माणसात आणायची गोष्ट चर्चवाल्यांना परकी कशी वाटेल? ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ तर प्रार्थनाच आहे. घरी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं, पुढच्या वर्षी अमेरिकेत गोल्डन ग्लोबच्या सोहळ्यात सॅम्युएल गोल्डविन पुरस्कार.

गंमत म्हणजे बर्लिनमध्ये निकाल लागला तेव्हा सांगली नावाचा जिल्हाच नव्हता. संस्थानं विलीन झाल्यावर हा भाग दक्षिण साताऱ्यात गेला होता, सांगली हे नाव १९६० मध्ये आलं.

आणि फ्रीडमन? वॉर्साच्या ज्यू घरातल्या माणसाच्या कल्पनेचा महायुद्ध संपल्यानंतर तेरा वर्षांनी, तोही बर्लिनमध्ये, सन्मान झाला. त्यांचं नाव कागदावर कुठेच नव्हतं. १९७६ मध्ये ते मुंबईत वारले.