नसलेल्या पायाचं दुखणं

पाय गुडघ्याखाली कापलेला आणि कळ मात्र अंगठ्यात! आम्ब्र्वाझ पारे या फ्रेंच लष्करी शल्यचिकित्सकाने सोळाव्या शतकातच ही तक्रार नोंदवली होती. पण तिला ‘फँटम लिंब’ (भासणारा अवयव) हे नाव मिळायला १८७१ साल उजाडलं. ते दिलं सायलस वेअर मिशेल या अमेरिकी डॉक्टरने. अमेरिकी यादवी युद्धातले नसांना (म्हणजे मज्जातंतूंना) इजा झालेले सैनिक त्याने फिलाडेल्फियात तपासले होते. त्याआधी १८६६ मध्ये त्याने हाच विषय एका मासिकात निनावी कथा म्हणून मांडला होता, आणि वाचकांना ती खरीच वाटली.

दुखणं मनाचं की नसेचं, हा घोळ त्यानंतरही बरीच वर्षं चालला. खरं तर कापलेली नस स्वस्थ बसत नाही. तिच्या टोकाला नवे तंतू फुटतात, पुढे वाट नसल्याने त्यांचा गुंता होतो आणि गाठ धरते, हाच न्यूरोमा. ज्यूल टिनेल या फ्रेंच डॉक्टरने १९१५ मध्ये युद्धजखमींच्या नसांवर बोटाने ठोकून पाहण्याची खूण सांगितली. कापलेल्या अवयवाच्या उरलेल्या खुंटावर विशिष्ट जागी टिचकी मारताच झटका बसतो का, हे डॉक्टर आजही बघतात. मग सोनोग्राफी, आणि तिथेच भूल देणारं इंजेक्शन: तेवढ्यापुरती कळ थांबली तर गाठीवरचा संशय बळावतो. कृत्रिम पायाचा सॉकेट (खुंट ज्यात बसतो तो भाग) घासतोय का, हे आधी पाहावं. साधी गोष्ट, पण राहून जाते.

गाठ नुसती काढली तर नस पुन्हा वाढते, पुन्हा गाठ होते. १९९० च्या दशकात लक्ष मेंदूकडे वळलं. मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी धडधाकट हात आरशात दाखवून गेलेला हात हलतोय असा भास निर्माण केला. काहींना त्याने उतार पडतो, सगळ्यांना नाही. गॅबापेंटिन, अमिट्रिप्टिलिन या गोळ्यांचंही तेच.

नसेच्या टोकाकडे पुन्हा लक्ष गेलं ते भलत्याच वाटेने. शिकागोत टॉड कुइकेन आणि ग्रेगरी डुमानियन या डॉक्टरांना मोटरवर चालणारा कृत्रिम हात हलवण्यासाठी नसांकडून संदेश हवे होते, म्हणून २००२ च्या सुमारास त्यांनी कापलेल्या नसा जवळच्या स्नायूंच्या बारीक नसांना जोडल्या. त्यात न्यूरोमाचं दुखणंही कमी झालेलं आढळलं. २०१९ मध्ये २८ रुग्णांवरची तुलनात्मक चाचणी प्रसिद्ध झाली. गाठ काढून नस स्नायूत पुरण्याच्या जुन्या पद्धतीपेक्षा या जोडणीनंतर फँटम वेदना जास्त उतरली. आता काही ठिकाणी अवयव कापतानाच ही जोडणी करतात.