हजार तुकडे, एक परात आणि घरातली पाच माणसं

गेले दोन आठवडे आम्ही जमिनीवर बसून जेवतोय, कारण डायनिंग टेबलवर १००० तुकड्यांचं जिगसॉ पझल मांडलंय. चित्र समुद्रकाठच्या एका गावाचं आहे, खाली होड्या, मधे डोंगरउतारावरची रंगीत घरं आणि वर भलंमोठं निळं आकाश. सासूबाई, नवरा, सातवीतला थोरला, साडेतीन वर्षांची धाकटी आणि मी असे पाचही जण जाता येता एखादा तुकडा उचलून बघतो. बाहेर पाऊस आणि आत हे. आणि हे करताना डोक्यात नक्की काय चालतं ते मी जसजसं वाचत गेले तसतसा मला या खेळाबद्दल खूपच आदर वाटायला लागला, म्हणून हे लिहितेय.

पहिला प्रश्न जागेचा. पझल पूर्ण झालं की ७० बाय ५० सेंटीमीटर, म्हणजे ३५०० चौरस सेंटीमीटर. पण तुकडे सुटे पसरले की किती जागा लागेल? कॅनडातल्या एका शास्त्रज्ञ जोडप्याने २०२३ मध्ये याचं गणित मांडलं आणि खरोखरच्या पझलवर मोजूनही बघितलं. उत्तर आलं तीनचं वर्गमूळ पट, म्हणजे साधारण १.७३ पट, आणि गंमत म्हणजे तुकडे ३०० असोत की १०००, पट तेवढीच! आमच्या पझलला सुट्या तुकड्यांसाठी ६००० चौरस सेंटीमीटर आणि जोडायच्या जागेला ३५००, झाले ९५००. टेबल चार बाय अडीच फुटाचं, म्हणजे ९३०० च्या आसपास. थोडक्यात हुकलं, मग आकाशाचे सगळे तुकडे परातीत काढले आणि परात दिवाणाखाली सरकवली.

आता खरी मजा. आमच्या पझलमध्ये ४० उभ्या आणि २५ आडव्या रांगा आहेत. १००० तुकड्यांतून कुठलेही दोन निवडायचे तर जोड्या होतात ४,९९,५००, आणि त्यातल्या खरोखर एकमेकांना चिकटणाऱ्या फक्त १९३५. समजा कोणी काहीच विचार न करता प्रत्येक जोडी घेऊन ५ सेकंद जुळवून बघायचं ठरवलं तर झोप न घेता, न जेवता जवळजवळ २९ दिवस लागतील, आणि यात तुकडा कुठल्या बाजूने लावायचा ते धरलेलंच नाही. म्हणून आपण आधी ढीग करतो, होड्यांचे वेगळे, कौलांचे वेगळे, झाडांचे वेगळे. ढोबळ हिशोब केला तर १०० चे दहा ढीग केले की तपासायच्या जोड्या ४९,५०० वर येतात, एकदम एक दशांश. सासूबाई तांदूळ निवडायला बसल्यासारख्या परातीत तुकडे निवडत बसतात तेव्हा सगळ्यात जास्त काम तेव्हाच होत असतं, जरी एकही तुकडा जागेवर बसलेला दिसत नसला तरी.

कडेपासून सुरुवात का करतात त्याचंही उत्तर इथेच आहे. कडेचे तुकडे फक्त १२६, म्हणजे जोड्या ८००० पण नाहीत. आणि एक बाजू सरळ असल्यामुळे तो तुकडा कसा धरायचा ते आधीच ठरलेलं असतं, तो चारपैकी कुठल्या कडेचा एवढं कळलं की फिरवून बघायचा प्रश्नच संपतो.

हे फिरवणं म्हणजे पझलमधला सगळ्यात अवघड भाग. १९७१ साली अमेरिकेत रॉजर शेपर्ड आणि जॅकलिन मेट्झलर यांनी लोकांना ठोकळ्यांच्या आकृत्यांच्या जोड्या दाखवल्या आणि विचारलं की या दोन्ही एकच आहेत का. एक आकृती दुसरीपेक्षा जितकी जास्त फिरवलेली तितका उत्तर द्यायला वेळ जास्त, अगदी सरळ रेषेत वाढत जाणारा, साधारण ६० अंशाला एक सेकंद या हिशोबाने. म्हणजे आपण मनातल्या मनात ती वस्तू खरंच हातात धरल्यासारखी हळूहळू फिरवत असतो. माझा नवरा असाच आहे, तुकडा हातात घेऊन बघत बसतो आणि मग थेट जागेवर ठेवतो. सासूबाई मात्र तुकडा टेबलवर ठेवून बोटाने गोल गोल फिरवतात. मला आधी वाटायचं की त्यांना डोळ्यांसमोर आणता येत नाही, पण तसं नाहीये. १९९४ मध्ये डेव्हिड कर्श आणि पॉल मॅग्लिओ यांनी टेट्रिस, म्हणजे वरून पडणारे ठोकळे फिरवून जुळवायचा कॉम्प्युटर गेम, खेळणाऱ्यांचा अभ्यास केला होता, त्यात दिसलं की सरावलेले लोक ठोकळा मनात फिरवण्यापेक्षा बटण दाबून स्क्रीनवरच फिरवून बघतात कारण ते जास्त पटकन होतं. डोक्याचं काम हाताला देऊन टाकायचं. सासूबाई तेच करतात.

आता धाकटी. तिच्यासाठी वेगळं १२ तुकड्यांचं लाकडी पझल आहे, पण तिला आमच्यातच यायचं असतं आणि आम्ही येऊ देतो. याच्यामागे एक अभ्यास आहे जो मला फार महत्त्वाचा वाटतो. शिकागो विद्यापीठातल्या सुझन लेव्हाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ५३ मुलांना साधारण दोन ते चार या वयात त्यांच्या घरी जाऊन पाहिलं, दर चार महिन्यांनी दीड तास, आईबाबा आणि मुलं नेहमीसारखे वागत असताना. कोणालाही पझल खेळा म्हणून सांगितलं नव्हतं. मग साडेचार वर्षांची झाल्यावर मुलांना आकार मनात फिरवून, सरकवून जुळवायची चाचणी दिली. जी मुलं पझल खेळताना दिसली होती त्यांना ती चाचणी जास्त चांगली जमली, आणि त्यांच्यातही जी जास्त वेळा खेळली ती पुढे. आईबाबांचं शिक्षण, उत्पन्न, ते एकूण किती बोलतात हे सगळं हिशोबात धरूनसुद्धा. हे २०१२ मध्ये प्रसिद्ध झालं. अर्थात यावरून पझलमुळेच तसं झालं असं सिद्ध होत नाही, ज्यांना मुळातच आकार आवडतात तीच मुलं पझलकडे वळत असतील असंही असू शकतं, आणि लेखकांनीही हे मान्य केलंय.

पण त्यातली दुसरी गोष्ट वाचून मी थांबलेच. मुलगे आणि मुली सारख्याच वेळा खेळत होते, पण मुलग्यांना दिलेली पझल्स जास्त अवघड होती आणि त्यांच्याशी खेळताना आईबाबा आकार-जागेचे शब्दही जास्त वापरत होते. मुद्दाम कोणी केलं नसणार, पण झालं. तेव्हापासून मी आमच्याकडे लक्ष द्यायला लागले आणि खरंच, थोरला लहान असताना आम्ही त्याला म्हणायचो "उलटा करून बघ, आता उजवीकडे सरकव" आणि धाकटीला म्हणत होतो "वा, कित्ती छान"! आता आम्ही ठरवून तिच्याशी बोलतो. कोपरा, कड, आडवा, उभा, तिरका, वरच्या बाजूला, याच्या पल्याड. तुकड्याचा जो गोल भाग बाहेर आलेला असतो त्याला आम्ही कान म्हणतो आणि जो आत गेलेला त्याला खड्डा. परवा तीच आजीला म्हणाली, "आजी, कान खाली कर ना, खड्डा तिथे आहे!" आणि तुकडा बसला. मला किती आनंद झाला ते सांगता येणार नाही.

तसं बघायला गेलं तर हा खेळ जन्मलाच शिकवण्यासाठी. १७६० च्या दशकात लंडनमध्ये जॉन स्पिल्सबरी नावाचा नकाशे कोरणारा माणूस होता, त्याने नकाशा लाकडी फळीवर चिकटवला आणि देशांच्या सीमांवरून कापून विकायला सुरुवात केली, मुलांना भूगोल यावा म्हणून. पुठ्ठ्याची, साच्याने दाबून कापलेली स्वस्त पझल्स खूप नंतर आली, आणि १९३० च्या दशकात अमेरिकेत मंदीमुळे हातात पैसे नसताना घरोघरी लोक हेच खेळत बसायचे.

सासूबाईंना शेजारच्या काकूंनी सांगितलंय की पझल केलं की विसरायला होत नाही. याबाबत मला स्पष्टच लिहायचंय. जर्मनीत उल्म विद्यापीठात पन्नाशीच्या पुढच्या १०० लोकांवर प्रयोग झाला, अर्ध्यांनी महिनाभर रोज निदान एक तास जिगसॉ केलं, सरासरी ३६०० च्या आसपास तुकडे जोडले. महिन्यानंतर बाकीच्यांपेक्षा त्यांची बुद्धी काही लक्षात येण्याइतकी सुधारलेली नव्हती. पण याच लोकांत असंही दिसलं की जिगसॉ करताना नजर, स्मरण, मनात फिरवणं अशा अनेक क्षमता एकदम वापरल्या जातात, आणि ज्यांनी आयुष्यभर बरीच पझल्स केली होती त्यांच्या या क्षमता जास्त चांगल्या होत्या. २०१८ चा अभ्यास आहे. म्हणजे महिनाभराचं औषध म्हणून याच्याकडे बघू नये, कोणी तसं विकत असेल तर विश्वास ठेवू नये. सासूबाईंना हे सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "अगं मला आवडतं म्हणून करते मी." बरोबरच आहे.

एक पावसाळ्याची टीप देते. पुठ्ठा हवेतला ओलावा ओढून घेतो आणि फुगतो, त्यामुळे जुलैत तुकडे घट्ट बसतात, कधी कधी बरोबर तुकडासुद्धा चुकीचा वाटतो. जोर लावू नका, थर सुटतात. आम्ही रात्री वर कोरडी चादर घालतो.

तर आता आकाश उरलंय. साधारण १८० तुकडे, सगळे निळे, रंगाची मदत शून्य. थोरल्याला मी सांगितलं की १९६४ मध्ये कॉम्प्युटरने पहिल्यांदा जिगसॉ सोडवलं तेव्हा त्यालाही चित्र दिलेलंच नव्हतं, फक्त कडांचे आकार होते, तेही नऊच तुकड्यांचे. ते ऐकून त्याने कागद घेतला आणि मोजलं, चार बाजू, प्रत्येक बाजूला कान किंवा खड्डा, फिरवून सारखे होणारे एकच धरले तर प्रकार किती? सहा. चारही कान, तीन कान, दोन शेजारी शेजारी, दोन समोरासमोर, एक, आणि एकही नाही. काल रात्री जेवणानंतर परात बाहेर काढली, सहा वाट्या मांडल्या आणि धाकटीने एकेक तुकड्याचे कान मोजून वाटीत टाकले. दोन कान समोरासमोरवाली वाटी भरून वाहायला लागली, तिच्याजागी पातेलं आणावं लागलं. मग जिथे भोक दिसेल तिथे कुठल्या वाटीतला लागणार ते थोरला ओरडून सांगायचा आणि सासूबाई फिरवून बसवायच्या. झोपायच्या आधी चौदा तुकडे बसले.