फिजीच्या बेटांवरील लघुउद्योग

दक्षिण प्रशांत महासागरातील फिजी या देशात ३३० हून अधिक बेटे आहेत. वस्ती त्यांतल्या सुमारे एक-तृतीयांश बेटांवर. २०१७ च्या जनगणनेत लोकसंख्या ८,८४,८८७ भरली आणि तिच्यातले बहुतेक लोक विती लेवू व वानुआ लेवू या दोन मोठ्या बेटांवर राहणारे होते. लाउ, लोमाइविती, यासावा, कांदावू अशा लांबच्या बेटांवर पगाराची नोकरी शिक्षक, परिचारिका अशा मोजक्यांनाच. बाकीच्यांचे पोट शेतातल्या कंदांवर आणि समुद्रावर भरते. पोट भरते, पण पैसा येत नाही. आणि मुलांच्या शाळेला, बोटीच्या तिकिटाला, पीठ-साखरेला आणि चर्चच्या वर्गणीला पैसाच लागतो. या रोकडीसाठी गावकरी जे छोटे धंदे करतात आणि ते उभे राहावेत म्हणून सरकार, सहकारी संस्था व स्वयंसेवी संघटना जी खटपट करतात, तिचा येथे विचार केला आहे.

बाहेरून येणारे प्रशिक्षक बहुधा ‘कल्पना सुचवायला’ येतात. कल्पनांची वाण बेटांवर कधीच नव्हती. अडते ते दुसरीकडे.

पहिली अडचण नात्याची. मूळ फिजीवासी (इतौकेई) समाजात ‘केरेकेरे’ नावाचा रिवाज आहे: आप्ताने गरजेपोटी काही मागितले तर नाही म्हणायचे नाही. बहिणीच्या मुलाला, म्हणजे ‘वासू’ला, मामाच्या घरच्या वस्तूंवर परंपरेने हक्कच असतो. आता अशा गावात कोणी दुकान घातले असे समजू. फळीवर पीठ, साखर, चहा, माशांचे डबे, बिस्किटे, साबण, काडेपेटी. सकाळी चुलतभाऊ साखर नेतो, दुपारी भाचा माशाचा डबा. वही ‘दिनाऊ’ने, म्हणजे उधारीने, भरत जाते आणि पुढची बोट येते तेव्हा नवा माल घ्यायला गल्ल्यात पैसे नसतात. यात कोणी कोणाला लुबाडलेले नसते. उद्या दुकानदाराच्या घरी मयत झाले तर हीच माणसे चटया, रताळी, डुक्कर घेऊन दारात उभी राहतात. केरेकेरे हा त्या गावाचा विमा आहे, फक्त त्याचा हप्ता दुकानदाराच्या भांडवलातून जातो. म्हणून त्याला निव्वळ ‘प्रगतीतला अडथळा’ म्हणून मोकळे होणे चुकीचे ठरते.

दुसरी अडचण जमिनीची. देशातील सुमारे ८७ टक्के जमीन ‘मातांगाली’ या कुळगटांच्या सामाईक मालकीची आहे. ती विकता येत नाही. १९४० साली स्थापन झालेल्या विश्वस्त मंडळामार्फत भाडेपट्ट्याने तेवढी देता येते. यामुळे फिजीवासी माणूस भूमिहीन झाला नाही, ही मोठीच गोष्ट. पण बँकेकडे गहाण ठेवायला त्याच्या एकट्याच्या नावावर काही नसते, हीही तिचीच दुसरी बाजू.

या पेचातून वाट काढायचे प्रयत्न शंभर वर्षांपेक्षा जुने आहेत. १९१० च्या दशकात अपोलोसी नवाई याने ‘विती कंबानी’ उभी केली. केळी व इतर शेतमाल गोऱ्या दलालांना टाळून फिजीवासीयांनीच विकायचा, असा तिचा बेत होता. वसाहत सरकारला यात बंडाचा वास आला. अपोलोसीला रोतुमा बेटावर हद्दपार केले गेले आणि १९४६ मध्ये तो हद्दपारीतच वारला. पुढे १९४७ च्या कायद्याने सहकारी संस्था आल्या, तर १९५० च्या दशकात मेरियन गेनी या जेझुइट पाद्र्याने गावोगावी पतसंस्था रुजवल्या. भूगोलतज्ज्ञ ऑस्कर स्पेट यांच्या १९५९ च्या अहवालाने मात्र उलट सल्ला दिला: गावाच्या सामुदायिक बंधनांतून मोकळ्या झालेल्या स्वतंत्र शेतकऱ्यावर भर द्यावा. एकटा की गाव, हा वाद अजून संपलेला नाही.

प्रत्यक्षात जे उपक्रम तगले, त्यांतल्या बऱ्याच जणांनी गावाला वगळण्याऐवजी धंद्यातच सामील करून घेतले. ‘सोलेसोलेवाकी’ म्हणजे मोबदल्याशिवाय सर्वांनी मिळून केलेले काम. आपल्या इर्जिकीशी त्याचे जवळचे साम्य आहे. तावेउनी बेटावरील बौमा राष्ट्रीय वारसा उद्यान हे याचे चांगले उदाहरण. जंगल तोडीला देण्याऐवजी तेथील चार गावांनी न्यूझीलंडच्या मदतीने पर्यटन सुरू केले आणि कामे वाटून घेतली: एकाकडे तावोरोचे धबधबे, लावेनाकडे किनाऱ्याची पायवाट, विदावाकडे रानातली भटकंती, वाइतांबूकडे प्रवाळांचे राखीव क्षेत्र. प्रवेशशुल्क गावाच्या खात्यात जाते, त्यामुळे मामा-भाच्याचा प्रश्नच उरत नाही.

लाउ समूहातील थिथिया बेटाची (नकाशावरून परके लोक त्याला सिसिया म्हणतात) वाट वेगळी. तेथील पाच गावांनी रासायनिक खते व कीटकनाशके बेटावर आणायचीच नाहीत असे ठरवले आणि २०१३ मध्ये बेटाला सेंद्रिय असल्याचे प्रमाणपत्र मिळाले. प्रमाणन ‘सहभागी हमी’ पद्धतीचे, म्हणजे शेतकरीच एकमेकांची शेते तपासतात. परदेशी निरीक्षकाचा खर्च वाचतो. सुक्या खोबऱ्याचा भाव जगाच्या बाजारात सतत वरखाली होतो. ताज्या खोबऱ्याचे शुद्ध तेल काढले की त्याच नारळाचे जास्त पैसे होतात.

मालाची निवड शेवटी बोट ठरवते. ‘नामा’ हे द्राक्षाच्या चिमुकल्या घडांसारखे दिसणारे समुद्री शेवाळ बायका ओहोटीला गोळा करतात, तेही मुळे जागेवर ठेवून, म्हणजे पुन्हा वाढते. बाजारात त्याचे ढीग मांडतात. खाणारे ते आंबवलेल्या खोबऱ्याबरोबर मिरची घालून खातात. पण नामा शीतकपाटात ठेवले की मलूल होते, आणि बाहेरही थोडेच दिवस टिकते. त्यामुळे ज्या बेटांवर सरकारी अनुदानावर चालणारी बोट कित्येक दिवसांनी फिरकते, तिथल्या बाईला नामाचा उपयोग नाही. तिने चटई विणावी, नाहीतर ‘मासी’ करावी. मासी म्हणजे कागदी तुतीची साल सोलून, भिजवून, ओंडक्यावर लाकडी मोगरीने ठोकून ठोकून केलेले कापड. वातुलेले आणि मोथे ही बेटे त्यासाठी प्रसिद्ध आहेत. मासी बोटीची वाट पाहते, कुजत नाही. शिवाय पर्यटक आले नाहीत तरी लग्न-मर्तिकाला फिजीतच तिला मागणी असते, ही बाब हस्तकलेच्या योजना आखणाऱ्यांच्या ध्यानात उशिरा येते.

सर्वांत भरवशाचे नगदी पीक ‘यांगोना’ अर्थात कावा. त्याच्या मुळांची पूड पाण्यात कालवून पितात. गावात पाहुणा आला की पहिली भेट त्याचीच. लागवडीपासून काढणीपर्यंत साधारण तीन ते पाच वर्षे जातात, म्हणून अनेकांसाठी तो जमिनीत ठेवलेल्या मुदत ठेवीसारखा असतो. २० फेब्रुवारी २०१६ रोजी विन्स्टन चक्रीवादळाने ४४ बळी घेतले, आणि कोरोसारख्या बेटांवर या ठेवीही उपटून टाकल्या. त्यानंतर भाव कडाडले. ज्यांची झाडे वाचली त्यांची चांदी झाली, बाकीच्यांना पुन्हा रोपापासून सुरुवात करावी लागली. २०२१ च्या डिसेंबरपासून ऑस्ट्रेलियाने व्यापारी आयातीला परवानगी दिल्याने नवा बाजारही उघडला आहे.

पैशाच्या सोयी गेल्या काही वर्षांत वाढल्या. २०१० मध्ये मोबाइलवरून पैसे पाठवण्याची एम-पैसा सेवा आली. सामोआत सुरू झालेली साउथ पॅसिफिक बिझनेस डेव्हलपमेंट ही सूक्ष्मवित्त (छोटी कर्जे देणारी) संस्थाही त्याच साली फिजीत आली. तिची कर्जे बायकांच्या गटांना, परस्परांच्या हमीवर मिळतात. २०१५ पासून सरकारने एक हजार फिजी डॉलरपर्यंतचे लघुउद्योग अनुदान दिले. एवढ्यात ओव्हन किंवा शिलाई मशीन येते, पण बोटीचे भाडे प्रत्येक खेपेला वरून भरावे लागते. लौटोका येथे शशी किरण यांनी २००१ मध्ये स्थापन केलेल्या ‘फ्रेंड’ या संस्थेने म्हणूनच कर्जापेक्षा खरेदीवर भर दिला: गावांतून कच्चा माल घ्यायचा, त्याची लोणची, चटण्या, जॅम करायचे आणि शहरात विकायचे. गिरमिटियांच्या, म्हणजे करारावर नेलेल्या भारतीय मजुरांच्या, वंशजांच्या स्वयंपाकघरातली लोणची आणि इतौकेई गावातली फळे अशी एकाच बरणीत आली.

विक्रीचे मुख्य ठिकाण अजूनही नगरपालिकेची मंडईच, आणि विक्रेत्यांत बहुसंख्य बायका. दूरची विक्रेती गुरुवारी-शुक्रवारी येते, शनिवारचा मोठा बाजार करूनच परतते. मधल्या रात्री ती आपल्या पोत्यांच्या शेजारी, मंडईच्या फरशीवर काढत असे. संयुक्त राष्ट्रांच्या महिला विभागाने २०१४ मध्ये मंडयांसाठी हाती घेतलेल्या प्रकल्पात विक्रेत्यांच्या संघटनांनी हिशेबाच्या वर्गाबरोबर स्वच्छतागृहे आणि रात्रीचा सुरक्षित निवाराही मागितला; राकीराकीसारख्या काही ठिकाणी तो बांधला गेला.