कांस (बडोदे)

पावसाचे पाणी शेतांतून, तळ्यांतून आणि वस्तीतून नदीकडे नेणाऱ्या ओढ्याला बडोद्यात कांस म्हणतात. मसिया, रूपारेल, भूखी ही त्यांतली ठळक नावे. शहराचे बहुतेक पाणी शेवटी विश्वामित्रीत जाते. ही नदी पावागडावर उगम पावते आणि पुढे ढाढर नदीला मिळते.

एक हेक्टरवर १०० मिमी पाऊस पडला की १० लाख लिटर पाणी होते. शेतात त्यातले बरेच मुरते, उरलेले बांधाबांधाला अडत सावकाश उतरते. तिथेच छपरे, डांबर आणि पेव्हर ब्लॉक आले की जवळपास सगळे पाणी लगेच गटाराच्या तोंडाशी येते. ३१ जुलै २०१९ रोजी शहरात दिवसभरात सुमारे ५०० मिमी पाऊस झाला, तेव्हा ही घाई फार महागात पडली.

खरे नुकसान भरावाने होते. रस्त्यापेक्षा उंच जोते हवे म्हणून मुरूम टाकतात आणि शेताच्या कडेचा सखल चर त्यात बुजतो. पुढच्या पावसाळ्यात नव्या इमारतीचे पार्किंग कोरडे राहते, शेजारच्या जुन्या बंगल्याच्या ओट्याला पाणी लागते. दांडिया बाजार-रावपुरा हे जुने भाग सोडून बाहेरच्या सोसायटीत घर घेणाऱ्या मराठी कुटुंबांनी व्यवहाराआधी आवारामागून कोणती कांस जाते हे विचारावेच.

गुजरातेत १९७६ च्या नगररचना कायद्याखाली टीपी (टाउन प्लॅनिंग) स्कीम होते. शेते एकत्र करून भूखंड नव्याने आखतात, रस्ते व सार्वजनिक जागांसाठी प्रत्येकाचा हिस्सा घेतात. कांसेची पूर्ण रुंदी राखायची ती याच वेळी. इमारती उभ्या राहिल्यावर ती रुंद करणे जवळजवळ अशक्य. आवारात शोषविहीर, म्हणजे पावसाचे पाणी जमिनीत मुरवणारी विहीर, असावी, पण तिच्या आधी गाळखड्डा हवाच, नाहीतर गढूळ पाण्याने ती लवकरच बुजते. वर काळी माती असेल तर विहीर खालच्या वाळूच्या थरापर्यंत न्यावी लागते.

तरीही एक अडचण उरते. विश्वामित्रीची धोक्याची पातळी २६ फूट. ऑगस्ट २०२४ मध्ये ती ३५ फुटांच्या वर गेली. नदी अशी फुगली की कांसेतले पाणी उलटे वस्तीत शिरते, कधी मगरीही घेऊन. त्यासाठी कांसेच्या तोंडाशी एकाच दिशेने उघडणारी झडप लागते. तिच्यात गाळ आणि प्लास्टिक अडकले तर ती पुरती मिटत नाही, म्हणून तिची सफाई जूनच्या आत व्हायला हवी.