हार्ट अटॅक म्हणजे पुरुषांचा आजार, हे ठरवलं कोणी?

बाईला धाप लागली, मळमळलं, जबडा नाहीतर पाठ दुखायला लागली की आपल्या घरात पहिला अंदाज ठरलेला, पित्त झालंय, मग ओवा खा, सोडा पी, पाठीला बाम चोळ. पुरुषाने छातीवर हात ठेवला की मात्र लगेच गाडी काढतात. आता यात नुसती घरच्यांचीच चूक आहे असंही नाही, डॉक्टरी पुस्तकांतच हे मुरलंय.

विल्यम हेबरडेन या इंग्रज डॉक्टरने १७६८ मध्ये लंडनला अंजायनाचं, म्हणजे हृदयाला रक्त कमी पडून छातीत होणाऱ्या दुखण्याचं, वर्णन मांडलं, पुढे त्याने एकूण जवळपास शंभर पेशंट पाहिल्याचं लिहिलं आणि त्यात बायका फक्त तीन! पुढे १९६४ मध्ये अमेरिकेत ऑरेगनला खास बायकांसाठी हार्टवर कॉन्फरन्स भरली, पण विषय काय, तर नवऱ्याचं हार्ट कसं सांभाळायचं. बाईचं स्वतःचं हार्ट कोणाच्या डोक्यातच नाही.

बायकांना हा आजार साधारण दहा वर्षं उशिरा होतो, त्यामुळे रिसर्चवाल्यांना मधल्या वयाचे पुरुष सोपे पडायचे, त्यात पोटातल्या बाळाला धोका नको म्हणून १९७७ मध्ये अमेरिकेने मूल होऊ शकणाऱ्या बायकांना औषधांच्या सुरुवातीच्या चाचण्यांतून बाहेरच ठेवलं. १९८२ ला निकाल आलेल्या, हृदयविकार टाळण्यावरच्या एका गाजलेल्या ट्रायलमध्ये १२,८६६ माणसं, सगळे पुरुष. ॲस्पिरिनने पहिला अटॅक टळतो हे सांगणाऱ्या ट्रायलमध्ये २२,०७१ डॉक्टर, तेही सगळे पुरुष. मग बायकांवर तीच ट्रायल केली, सुमारे ४० हजार जणी, आणि २००५ ला निकाल आला की एकूण बघता पहिला अटॅक काही कमी झाला नाही, स्ट्रोक मात्र कमी झाले. म्हणजे इतकी वर्षं पुरुषांचं गणित बायकांना लावत होते की!

१९९१ मध्ये बर्नाडिन हीली या कार्डिओलॉजिस्ट बाईंनी हे जाहीरपणे सुनावलं, पुरुषासारखाच आजार दाखवल्याशिवाय बाईला पुरुषासारखी ट्रीटमेंट मिळत नाही म्हणून. १९९३ ला अमेरिकेत कायदाच झाला, सरकारी पैशावरच्या क्लिनिकल रिसर्चमध्ये बायका हव्यातच. बायकांना हृदयविकाराबद्दल जागं करणारी तिकडची लाल ड्रेसची मोहीम २००२ नंतरची. तिकडच्या सर्व्हेत बायकांचा एक नंबरचा किलर हृदयविकार आहे हे १९९७ मध्ये ३० टक्के जणींना माहीत होतं, २०१२ मध्ये ५६, आणि २०१९ ला परत ४४ वर घसरलं.

२००३ मध्ये अटॅक येऊन गेलेल्या ५१५ बायकांना विचारलं तेव्हा साधारण ७० टक्के जणींनी आधीचे काही आठवडे विचित्र थकवा होता असं सांगितलं, जवळपास निम्म्यांची झोप उडालेली. पण यावरून "बायकांच्या छातीत दुखतच नाही" असे जे मेसेज फिरतात ते चूक आहेत, छातीत दाब किंवा दुखणं हेच बायकांतही सगळ्यात कॉमन लक्षण, फक्त सोबत धाप, घाम, मळमळ, मान-जबडा-पाठ दुखणं जास्त असतं. असं काही वाटलं तर १०८ ला फोन, स्कूटरवर मागे बसून दवाखाना गाठायचा नाही, आणि पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून लगेच घरी यायचं नाही, त्रास चालू असेल तर ईसीजी परत काढतात आणि हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं ट्रोपोनिन हे प्रोटीनही बघतात.