देमेत्रिओस, संत

देमेत्रिओस, संत : (मृत्यू इ. स. ३०४ च्या सुमारास). ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेतील महाहुतात्मा आणि ग्रीसमधील थेसालोनिकी (सलोनिका) नगराचा रक्षक संत. स्मृतिदिन २६ ऑक्टोबर. जुनी जूलियन दिनदर्शिका पाळणाऱ्या चर्चमध्ये तो सध्याच्या ८ नोव्हेंबरला येतो. संत जॉर्जच्या खालोखाल लोकप्रिय असलेला योद्धा संत म्हणून तो ओळखला जातो. मात्र सर्वांत जुन्या कथेत तो सैनिक नाही.

ही जुनी, संक्षिप्त हौतात्म्यकथा नवव्या शतकातील दोन लेखनांमुळे विशेष परिचित आहे : कॉन्स्टँटिनोपलचा पॅट्रिआर्क (प्रमुख धर्माध्यक्ष) फोटिओस याने केलेला सारांश आणि रोममधील ग्रंथपाल अनास्तासिउस याने ८७६ मध्ये केलेला लॅटिन अनुवाद. तिच्यानुसार थेसालोनिकीत उघडपणे धर्मप्रसार करणाऱ्या देमेत्रिओसला पकडून सम्राट मॅक्सिमियनपुढे उभे करण्यात आले. सम्राट त्या वेळी ग्लॅडिएटरांच्या झुंजी पाहण्यास निघाला होता, म्हणून कैद्याला क्रीडागाराजवळच्या सार्वजनिक स्नानगृहात डांबण्यात आले. झुंजीत सम्राटाचा आवडता योद्धा लिआइओस हा नेस्टर नावाच्या तरुणाकडून मारला गेला. संतापलेल्या सम्राटाने नेस्टरला ठार करवले आणि देमेत्रिओसला आहे त्या जागीच भाल्यांनी भोसकण्याचा हुकूम दिला. नंतरच्या विस्तृत पाठात देमेत्रिओस सिनेटरच्या घराण्यातील उच्चाधिकारी होतो, नेस्टर त्याचा आशीर्वाद घेऊनच आखाड्यात उतरतो आणि लूपोस नावाचा सेवक धन्याच्या रक्तात अंगठी बुडवून तिच्या योगे रोग बरे करतो. ऑर्थोडॉक्स उपासनेत रूढ झाला तो हाच पाठ. सणाच्या मुख्य स्तोत्रातही लिआइओसचे गर्वहरण आणि नेस्टरला दिलेले धैर्य यांचा उल्लेख आहे. कथेतील मॅक्सिमियन म्हणजे गॅलेरिउस, असे सामान्यतः मानतात. त्याच्याही नावात ‘मॅक्सिमियानुस’ होतेच, शिवाय थेसालोनिकीत त्याचा राजवाडा होता.

मूळस्थानाचा वाद : देमेत्रिओस मुळात थेसालोनिकीचाच होता काय, हा या संताविषयीचा सर्वांत चर्चिला गेलेला प्रश्न होय. एडेसा येथे ४११ मध्ये लिहून झालेल्या सिरियाक हस्तलिखितातील हुतात्म्यांच्या यादीत (तिचे ग्रीक मूळ चौथ्या शतकातील असावे) ९ एप्रिलखाली सिर्मियम येथील एका देमेत्रिओसची नोंद आहे. संत जेरोमच्या नावावर मोडणाऱ्या लॅटिन यादीत त्याच दिवशी, त्याच ठिकाणी ‘डीकन देमेत्रिउस’ (डीकन म्हणजे धर्मगुरूच्या हाताखालील धर्मसेवक) आढळतो. थेसालोनिकीचा ऑक्टोबरमधील देमेत्रिओस मात्र या प्राचीन नोंदींत नाही. सिर्मियमचा बिशप इरेनिउस ३०४ च्या एप्रिलमध्येच मारला गेला होता. तेव्हा त्याच्यामागोमाग त्याच्या डीकनलाही मृत्युदंड झाला असणे शक्य आहे. सिर्मियम म्हणजे सर्बियातील आजचे स्रेम्स्का मित्रोवित्सा. गावाचे हे नावही देमेत्रिओसवरूनच पडले. पण ते मध्ययुगीन असल्याने पुरावा म्हणून फारसे उपयोगी नाही.

या नोंदींच्या आधारे बेल्जियन जेझुइट अभ्यासक इपोलित दलए याने १९०९ मध्ये असे प्रतिपादन केले, की सिर्मियमच्या डीकनची उपासना पुढे थेसालोनिकीत आली आणि स्थानिक कथेत तिचे रूपांतर झाले. मायकेल व्हिकर्स याने १९७४ मध्ये या मताला प्रशासकीय इतिहासाची जोड दिली. इलिरिकम या बाल्कनमधील रोमन प्रांतसमूहाच्या प्रीफेक्टचे (मुख्य प्रशासकाचे) ठाणे पूर्वी सिर्मियमला होते आणि अ‍ॅटिलाच्या काळात प्रीफेक्ट थेसालोनिकीस पळून आला, असे सम्राट जस्टिनियनच्या ५३५ च्या एका कायद्यात म्हटले आहे. हूणांनी सिर्मियम घेतले ते ४४१ च्या सुमारास. प्रीफेक्टच्या कचेरीबरोबर तिचा संतही दक्षिणेस आला, असा व्हिकर्सचा तर्क. कथेत मात्र प्रवास उलट आहे : पक्षाघातातून बरा झालेला लेओंतिओस नावाचा प्रीफेक्ट थेसालोनिकीत चर्च बांधतो आणि मग संताचा रक्ताने माखलेला झगा व ‘ओरारिऑन’ या वस्त्राचा तुकडा सिर्मियमला नेऊन तेथेही चर्च उभारतो. या नावाचा एक प्रीफेक्ट ४१२-१३ मधील कायद्यांत आढळतो. त्यावरून चर्चच्या स्थापनेचे जे वर्ष सांगण्यात येते, ते वास्तूतील स्तंभशीर्षांच्या शैलीशी जुळत नाही. ती पाचव्या शतकाच्या मध्याची किंवा त्याहून नंतरची दिसतात.

ओरारिऑनवरही बरीच चर्चा झाली आहे. पुढील काळात हा शब्द डीकनच्या खांद्यावरील पट्ट्यासाठी ठरून गेला, त्यामुळे काहींना त्यात सिर्मियमच्या डीकनची खूण दिसते. परंतु त्या काळी साध्या वस्त्रखंडालाही तो वापरीत. डेव्हिड वुड्स याने २००० मध्ये वेगळीच वाट धरली. स्पेनमधील हुतात्मा एमेतेरिउस आणि त्याचा सोबती यांच्या कथेतही अंगठी व ओरारिऑन हीच जोडी येते. त्यामुळे थेसालोनिकीच्या देमेत्रिओसमागे एमेतेरिउसच असावा, असे त्याने सुचवले. कल्पना चतुर आहे, पण तिला अनुयायी थोडेच मिळाले. जेम्स स्केड्रोस (१९९९) आणि बरेच ग्रीक अभ्यासक थेसालोनिकीतच स्वतंत्र हुतात्मा होऊन गेला, असे मानतात. उपलब्ध नोंदी पाहता दलएच्या मूळ मताचे पारडे किंचित जड वाटते. ४४१ च्या स्थलांतराशी घातलेली सांगड मात्र अनुमानाच्या पलीकडे जात नाही.

चर्च व अवशेष : थेसालोनिकीतील पाच दालनांचे बॅसिलिका-चर्च एका रोमन स्नानगृहाच्या अवशेषांवर उभे आहे; कथेतील स्नानगृहाचा तपशील येथूनच आला असावा. सातव्या शतकाच्या पूर्वार्धात ते जळाले व पुन्हा बांधले गेले. चर्चच्या मध्यभागी संताची कबर नव्हती. तेथे चांदीने मढवलेली षट्कोनी मेघडंबरी होती आणि भाविक तिच्यापुढेच प्रार्थना करीत. देह भूमीखाली कोठे आहे, हे स्थानिकांनाही नेमके ठाऊक नव्हते. सम्राट मॉरिसने अवशेष मागितले तेव्हा आर्चबिशप युसेबिओसने ते देणे शक्य नसल्याचे कळवले. त्याआधी जस्टिनियनच्या काळातही खोदकाम करणाऱ्यांना आगीने व दैवी वाणीने थोपवले, अशी आख्यायिका आहे.

हा उल्लेख संताच्या ‘चमत्कारसंग्रहा’त येतो. संग्रहाचा पहिला भाग आर्चबिशप जॉनने सातव्या शतकाच्या आरंभी, तर दुसरा एका अनामिकाने त्या शतकाच्या उत्तरार्धात रचला. अवार आणि स्लाव्ह टोळ्यांच्या वेढ्यांविषयीचे हे पहिल्या प्रतीचे ऐतिहासिक साधन आहे. मोठ्या वेढ्याची तारीख रविवार, २२ सप्टेंबर अशी मिळते, परंतु हा योग ५८६ आणि ५९७ या दोन्ही वर्षी जुळतो. संहितेचा संपादक पॉल लमेर्ल ५८६ च्या बाजूने आहे आणि ते अधिक ग्राह्य दिसते. तटावर शत्रूला मागे लोटणारा देमेत्रिओस येथे प्रथम ठसठशीतपणे दिसतो.

अकराव्या शतकापासून कबरीतून सुगंधी तेल (मिरॉन) स्रवते, असे उल्लेख मिळतात. त्यावरून ‘मिरोव्लितिस’ हे बिरुद त्याला लाभले. यात्रेकरू हे तेल शिशाच्या छोट्या कुप्यांतून घरी नेत. १०४० मध्ये बल्गेरियन वेढ्याच्या वेळी नगररक्षकांनी ते अंगाला लावले, तर ११८५ मध्ये नगर लुटणाऱ्या नॉर्मन सैनिकांनी त्यात मासे तळले आणि ते बुटांना फासले, अशी बायझँटिन इतिहासकारांची तक्रार आहे. बाराव्या शतकातील ‘तिमारिऑन’ या उपहासात्मक संवादात सणानिमित्त भरणाऱ्या मोठ्या जत्रेचे वर्णन आहे.

तुर्कांनी १४३० मध्ये नगर घेतले. चर्चची मशीद झाली ती १४९३ मध्ये. ग्रीक सैन्य थेसालोनिकीत शिरले तो दिवस जूलियन गणनेने २६ ऑक्टोबर १९१२ होता, त्यामुळे संताचा सण आणि नगरमुक्ती हे उत्सव तेव्हापासून एकत्रच साजरे होतात. १९१७ च्या आगीत वास्तू आणि बहुतेक कुट्टिमचित्रे (मोझेइक) नष्ट झाली. तथापि त्यानंतरच्या उत्खननात वेदीखालचे तळघर उघडकीस आले. १९८८ मध्ये या चर्चचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. इटलीतील सान लोरेंझो इन काम्पो येथील मठात जपलेले अवशेष १९७८ आणि १९८० मध्ये थेसालोनिकीस आणण्यात आले.

प्रतिमा : वाचलेल्या कुट्टिमचित्रांत तो दाढी न राखलेला तरुण असून त्याच्या अंगावर दरबारी झगा आहे, चिलखत नाही. भाला, ढाल आणि लष्करी वेश दहाव्या-अकराव्या शतकांत रूढ झाला. घोड्यावरील प्रतिमांत जॉर्जचा घोडा पांढरा, तर याचा तांबडा असतो. त्याच्या भाल्याखाली पडलेला माणूस हा काही ठिकाणी लिआइओस, तर काही ठिकाणी बल्गेरियन राजा कालोयान असतो. कालोयान १२०७ मध्ये थेसालोनिकीला वेढा घालून बसला असताना मरण पावला.

स्लाव्ह देशांत : ज्यांच्यापासून त्याने नगर राखले, त्याच स्लाव्ह लोकांनी पुढे त्याला आपलेसे केले. स्लाव्हांचा धर्मप्रचारक मेथोडिओस हा थेसालोनिकीचाच. देमेत्रिओसवरील एक स्तोत्रमालिका त्याच्या नावावर सांगितली जाते. ११८५ च्या उठावात पीटर व आसेन या बंधूंनी तर्नोव्हो येथे त्याचे चर्च उभारून संत ग्रीकांना सोडून आपल्याकडे आल्याचे जाहीर केले. रशियात व्लादिमीर येथे राजपुत्र व्सेवोलोद (बाप्तिस्म्याचे नाव दिमित्री) याने बाराव्या शतकाच्या अखेरीस त्याच्या नावे कॅथीड्रल बांधले. सणापूर्वीचा शनिवार रशियात मृतांच्या स्मरणाचा असून परंपरेने त्याचा संबंध १३८० च्या कुलिकोव्हो लढाईतील मृतांशी जोडला जातो. बाल्कन प्रदेशात एप्रिलमधील जॉर्जचा सण आणि ऑक्टोबरमधील हा सण यांमध्ये मेंढपाळांचे वर्ष विभागले जाई : जॉर्जला कळप डोंगरावर चढत, देमेत्रिओसला खाली उतरत आणि गड्यांचे करारही याच दिवशी संपत.