स्वसंरक्षण, निःशस्त्र

हाती शस्त्र नसताना हल्लेखोराच्या तावडीतून सुटून सुरक्षित जागा गाठण्यासाठी करावयाच्या कृती. कुस्ती, ज्यूदो, कराटे यांतील डाव येथे वापरले जातात. मात्र प्रतिस्पर्ध्याला चीत करणे हा हेतू नसतो.

उगम : बोधिधर्म या बौद्ध भिक्षूने भारतातून चीनमधील शाओलिन मठात युद्धकला नेली व तिच्यातून कराटे निघाले, असे आपल्याकडील अनेक वर्गांत सांगितले जाते. याला जुना आधार नाही. लोयांग या चिनी नगरातील विहारांचे वर्णन करणाऱ्या सु. ५४७ मधील ग्रंथात तो पश्चिमेकडील प्रदेशातून आलेला भिक्षू आहे, ताओश्वान या चिनी भिक्षूने सु. ६४५ मध्ये लिहिलेल्या चरित्रात तो दक्षिण भारतीय ठरतो. लढाईच्या विद्येचा उल्लेख दोन्हींत नाही. त्याच्या नावावरील ‘यीजिन जिंग’ हा व्यायामग्रंथ बहुधा १७ व्या शतकातील असून त्याच्या प्राचीन भासणाऱ्या प्रस्तावना बनावट मानल्या जातात. तांग हाओ या चिनी संशोधकाने १९३० मध्ये केलेले या आख्यायिकेचे खंडन अधिक ग्राह्य वाटते. भारतीय परंपरेचा भक्कम पुरावा हवा असल्यास तो चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ (सु. ११३१) या ग्रंथात मिळतो. त्यातील ‘मल्लविनोद’ या भागात मल्लांचे प्रकार, आहार व मेहनत यांचे वर्णन आहे.

तंत्र : मनगट सोडवणे हा बहुधा पहिला पाठ. मुठीत अंगठा व बोटे जेथे भेटतात, तो पकडीचा कच्चा भाग. पाय खांद्याइतके फाकवून गुडघे किंचित वाकवावेत. मनगटाची अरुंद कड त्या फटीसमोर येईल असा हात फिरवावा आणि एक पाऊल हल्लेखोराकडे टाकत आपले कोपर त्याच्या कोपराकडे रेटावे. कोपर वाकताच मनगट फटीतून निसटते. पकड जबर असल्यास मोकळ्या हाताने आपलीच मूठ धरून दोन्ही हातांचा जोर लावावा. घाबरलेला माणूस हात सरळ मागे ओढतो. सारी ओढ चार बोटांवर येते, पकड आवळते आणि तोलही जातो. गळा आवळला गेल्यास प्रथम हनुवटी छातीशी दाबावी, कारण मानेच्या दोन्ही बाजूंच्या धमन्या पूर्ण दाबल्या गेल्या तर साधारण १० सेकंदांत शुद्ध हरपते.

गैरसमज : चाकू हिसकावण्याचे डाव सर्वांत घातक. सरावात जोडीदार रबरी सुरीने एकच वार करतो आणि हात तसाच पुढे धरून ठेवतो. खरा हल्लेखोर हात झटकन मागे घेऊन पुन्हा पुन्हा भोसकतो. समोरच्याच्या हाती सुरीऐवजी स्केचपेन देऊन पांढऱ्या सदऱ्यात हाच डाव करून पाहावा : दंड, पोट, बरगड्या रेघांनी भरतात. अंतर राखणे व मध्ये खुर्ची, दप्तर काहीही धरणे हेच बरे. बोटांत धरलेली किल्ली आघाताने फिरून आपलीच बोटे कापते. चेहऱ्यावर मारलेल्या मुठीत करंगळीमागचे हाड मोडू शकते. त्यापेक्षा तळहाताचा मनगटालगतचा भाग वापरावा. मिरीचा फवारा वाऱ्याने उलटतो. एका दिवसाच्या शिबिरात हालचाल समजते, अंगवळणी पडत नाही.

कायदा : भारतीय न्याय संहितेची (अंमल १ जुलै २०२४) कलमे ३४ ते ४४ याविषयी आहेत. कलम ३७ नुसार बचावाला लागेल त्याहून अधिक इजा करता येत नाही. कलम ४० नुसार शरीराच्या बचावाचा हक्क धोक्याची रास्त भीती वाटताच सुरू होतो व ती असेपर्यंतच टिकतो. पळणाऱ्याला गाठून मारणे त्यात सहसा बसत नाही.